दसऱ्याला बंद पडलेला कॉम्प्युटर

माझी धाकटी लेक वैजू हिचं डोहाळजेवण ज्या साली आम्हाला माहेरी करता आलं नाही, निपाणीला तिच्या सासरीच होऊ दिलं, त्या सालचा दसरा. दुपारची जेवणं उरकली होती. माझा थोरला अजित टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबत होता. डब्यातला पंखा फिरे, हिरवा दिवा लागे आणि मग डबा टीं टीं टीं असा तुटक ओरडू लागे. पडदा काळा तो काळाच.

"परत दाब की," अक्का म्हणाल्या.

"किती दाबू आत्ती? बटण आत जाईल आता."

"तुझा बाप अडलेला माग काय एकदा दाबून सोडत होता व्हय? सबंध दिवस मागाखाली झोपून असायचा."

"हा माग न्हवं."

"न्हवं कसा? इचलकरंजीत जे इजेवर चालतं ते सगळं मागच."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, बायाक्का. नवरात्राला त्या भावाकडे येत. ज्या भावाबद्दल बोलणं चाललं होतं ते तिथंच खाटेवर होते, पाठीला उशा लावून बसवलेले, तोंड कॉम्प्युटरकडे. मी त्यांना मालक म्हणायची. आता नाव लिहिता येतं, तरी इथं मालकच लिहिते.

मालक मागाचे जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करणारा तो जॉबर. आधी त्यांच्या हातातून पाना पडू लागला, मग पाय ओढू लागले, मग जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, शिरांचा आजार आहे, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. ते शाबूत राहिलं हीच शिक्षा होती. अंगातलं एकेक बंद होत गेलं आणि आत माणूस जागा. शेवटी हलायचे ते डोळे आणि उजव्या पायाचा अंगठा.

अजितचा दोस्त इरफान बागवान पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला होता. त्यानं एका सुताच्या पेढीवरून टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यात काहीतरी भरून दिलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी दिसत. क ची ओळ, च ची ओळ, अशा. त्यांच्यावरून एक पिवळा चौकोन सरकत जाई. हव्या त्या अक्षरावर चौकोन आला की मालक अंगठ्यानं एक बटण दाबत आणि ते अक्षर खाली जाऊन बसे. एक शब्द व्हायला दूध उतू जाण्याइतका वेळ लागे. पण शब्द होई.

वैजू लग्न होऊन गेली तेव्हा दिवसा तो शब्द वाचणारं घरात कुणी उरलं नाही. अजित कारखान्यावर. मला अक्षर येत नव्हतं. पन्नाशी ओलांडली होती. मालक एक अक्षर लावून ठेवत, मी सांजेला अजितला विचारी, हे काय? उद्या दुसरं. माझी शाळा त्या पडद्यावर भरली. माझा मी वाचलेला पहिला शब्द 'पाणी'. मी पाणी पाजलं तर मालकांच्या डोळ्यांतून हसू सांडलं. नंतर कळलं, त्यांना तहान नव्हतीच.

तर तो कॉम्प्युटर त्या दिवशी सुरू होईना. आणि त्या दिवशी तो सुरू होणं गरजेचं होतं.

नवरात्र बसायच्या आधी मिरजेचे डॉक्टर म्हणाले होते, आता श्वास थकत चाललाय. गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागेल. घातली तर काही महिने मिळतील, कदाचित वर्ष. नाही घातली तर एखाद्या दिवशी झोपेतच जातील. ठरवा. अजितनं तिथंच सांगितलं, घालायची. डॉक्टर भले माणूस. ते मालकांकडे वाकून म्हणाले, "तुम्ही सांगा. हो असेल तर डोळे मिटा, नाही तर उघडे ठेवा." मालकांनी डोळे उघडे ठेवले, पण बुबुळं डावी-उजवीकडे हलवत राहिले. हो-नाहीत न बसणारं काही सांगायचं असलं की ते तसं करत. पडद्याकडे न्या, असा त्याचा अर्थ.

घरी आल्यावर त्यांनी लिहिलं, "दसऱ्यानंतर सांगतो." अजितनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी ठरवून टाकली.

आणि मग खंडेनवमीच्या सकाळी त्यांनी दुसरं लिहिलं, "याची पूजा करा. बंद ठेवा. हत्याराला इसावा."

आमच्या गावात खंडेनवमीला माग धुऊन पुसून पुजतात. झेंडूचा हार घालतात, आणि दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत कुणी खटका दाबत नाही. अख्खं गाव एवढ्या एकाच दिवशी गप्प असतं. मालकांनी हयातभर हे पाळलं. माग मालकांचा नसे, पण पूजा जॉबरच्या हातची असे.

"आबा, हे बंद केलं तर तुम्ही बोलणार कसं?" अजित म्हणाला होता.

अंगठा हलला. "एक दिवस. माग पण गप्प."

आम्ही बंद केला. अक्कांनी न्हाऊन धुऊन डब्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, अक्षता टाकल्या. दसऱ्याला पूजा हलवून बटण दाबलं तर हे टीं टीं.

अजितनं डब्याचं झाकण काढलं. आत झेंडूच्या पाकळ्या. पंख्यात एक, खाली दोन-चार, आणि हिरव्या पाटीवर तांदळाचे दाणे.

"आत्ती, मुठीनं टाकल्यासा काय अक्षता?"

"देवकार्याला चिमटीनं टाकू व्हय? आणि तांदळानं कुणाचं काय बिघडतं?"

"बिघडलंय की, समोर ओरडतंय न्हवं!"

"मग त्याचं मन साफ न्हाई म्हण."

मला हसू आलं. मालकांकडे बघितलं तर त्यांच्याही डोळ्यांत होतं. तेवढंच. मग डोळे परत पडद्यावर गेले.

अजितनं इरफानला फोन लावला. इरफानचा आवाज मोठा, बाहेरपर्यंत ऐकू येई.

"आवाज कसा येतोय? लांब एकच, का तुटक तुटक?"

"तुटक."

"मग घाबरू नको, काही मेलेलं नाही. आत उभ्या पट्ट्या दिसतात बघ, दोन, बोटाएवढ्या रुंद. टोकाला खिट्ट्या आहेत. खिट्ट्या बाजूला कर, पट्ट्या वर येतील. खाली सोनेरी दात आहेत, ते खोडरबरनं पूस. हारबीर घालताना डबा हलवला असणार तुम्ही. परत बसवताना कट्ट वाजलं पाहिजे. त्या पट्ट्या नीट बसल्या नाहीत तर त्याला काही आठवत नाही, म्हणून ओरडतो."

"बरं."

"आणि चाचांना सांग, इरफाननं दसऱ्याचा सलाम सांगितलाय."

अजितनं वैजूच्या जुन्या दप्तरातून खोडरबर शोधून काढला. मी भांडी घेऊन मोरीवर गेले. अक्का शेजारी सोनं द्यायला गेल्या.

पुरणाचं पातेलं घासताना मला वाटलं, एकच आवाज आला. टीप्. कॉम्प्युटर नीट सुरू होताना तसा एकदाच वाजायचा. मी हात तसेच राखेचे घेऊन उठले, तर पुन्हा टीं टीं टीं. आत आले तेव्हा अजित घामानं भिजलेला, जमिनीवर बसलेला.

"झाला होता काय रे? मला वाटलं..."

"न्हाई. तसंच हाय." तो उठला. "जुना माल आई. गेला तो."

"इरफानला परत लाव."

"त्यानं सांगितलं ते सगळं केलं. आता मिरजेहून आल्यावर बघू."

"आणि त्यांचं उत्तर?"

अजित मालकांच्या पायाशी गेला. त्यांचा अंगठा हातात धरला आणि जरा मोठ्यानंच म्हणाला, "आबा, उद्या जायाचं न्हवं? जायाचं. वैजूचं बाळ बघायचंय का न्हाई?"

मालकांचे डोळे सताड उघडे. बुबुळं डावी-उजवीकडे.

"बघ, न्हाई म्हणत न्हाईत," अजित मला म्हणाला. त्यानं चपला घातल्या. "गाडीवाल्याला पक्कं सांगून येतो."

तो गेला. अक्का परत आल्या. त्यांना झालेलं कळलं तसं त्या आत जाऊन मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन आल्या आणि कॉम्प्युटरवरून ओवाळू लागल्या.

"अक्का, हे काय?"

"दृष्ट लागलीया. आल्यागेल्याचीच न्हवं, त्या पोस्टमनची सुद्धा. काल हारासकट टकामका बघत हुता." त्या मिरच्या चुलीत टाकून आल्या. ठसका आला तो आम्हालाच. कॉम्प्युटरवर काही परिणाम झाला नाही. मग त्यांचा आवाज उतरला. "हौसा, माझ्यामुळं तर बंद पडलं न्हाई न्हवं ग हे? भावाच्या तोंडाला मीच कुलूप घातलं काय?"

"न्हाई अक्का. त्यांनीच पूजा सांगितली हुती."

त्या पदर तोंडाला लावून देवघरापाशी बसल्या.

मी मालकांजवळ स्टूल घेतलं. बाहेर रस्त्यावर सोनं वाटत हिंडणाऱ्यांचा गलका होता. आमच्या खोलीत मात्र श्वासाचा तेवढा आवाज. आत ओढताना शिट्टी वाजल्यागत. मी एकेक विचारू लागले. पाणी? पाठ दुखतीया? उशी काढू? लघवी? डोळे उघडेच. आणि बुबुळं हलत होती, डावीकडे, उजवीकडे. एवढी जोरानं हलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कोंडलेल्या खोलीत माणूस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालतो तशी. कपाळावर घाम आला होता. मी पुसला, परत आला.

 डब्याचं झाकण उघडंच होतं. मला त्यातलं काय कळणार? मी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. त्यावर ओळी असायच्या. कुठली ओळ कुठं असते ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. मी तिथंच शिकले होते.

मी मालकांकडे वळले आणि म्हटलं, "क ची ओळ?"

बुबुळं थांबली.

"क ची? च ची? ट ची? त ची? प ची?"

डोळे मिटले.

मला वाटलं पापणी लवली. म्हणून परत म्हटलं, "प ची?" परत मिटले, घट्ट.

"प?" मिटले. "काना? वेलांटी? उकार? मात्रा? काहीच न्हाई?" मिटले.

मग ट ची ओळ. ट. परत ट. दुसरी वेलांटी. जोडाक्षरं ते पडद्यावरही अशीच सुटी लिहीत.

"पट्टी," मी म्हटलं.

डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे उतरलं. मी पुसलं नाही, मला सवड नव्हती. ओळ चुकेल अशी भीती वाटत होती. अक्का उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"अ?" मिटले. मग ज ला वेलांटी. मग त.

"अजित."

पुढचा शब्द लांबला. मी ख ऐवजी घ वर गेले, मग मागं आले. खि. सा.

पट्टी. अजित. खिसा.

मी स्टुलावरून उठले आणि डब्याजवळ वाकले. इरफाननं सांगितलेल्या दोन खिट्ट्यांच्या जागा होत्या. दोन्ही रिकाम्या.

"काय झालं?" अक्का म्हणाल्या. "काय म्हणतोय त्यो?"

 मोरीवर ऐकलेला तो एकच टीप् खरा होता. कॉम्प्युटर सुरू झाला होता. पडदा उजळला होता, आणि मालक समोरच होते. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या पोरानं तो परत बंद केला आणि पट्ट्या काढून खिशात घातल्या. आणि हे बघत राहिले. ओरडायला आवाज नाही, धरायला हात नाही.

मी परत स्टुलावर बसले. माझ्या तोंडातून शिवी येत होती. मालकांनी बुबुळं हलवली. अजून आहे.

"य ची ओळ?" मिटले. य, र. "र?" मिटले.

रागवू नको.

अजित दिवेलागणीला आला. हातात आपट्याची डहाळी होती. त्यानं अक्कांच्या पाया पडून त्यांना पानं दिली, माझ्या पाया पडला. मालकांच्या हातावर पान ठेवायला गेला तेव्हा मी म्हटलं, "खिशातलं काढ."

"काय?"

"पट्ट्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. मग मुकाट्यानं सदऱ्याच्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या. बोटाएवढ्याच होत्या.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनी."

"कसं?"

"मी ओळी म्हटल्या. त्यांनी डोळं मिटलं."

अक्का पुढं झाल्या. "मुडद्या, बापाची वाचा खिशात घालून गावभर सोनं वाटत हिंडतूयास?"

"अक्का," मी म्हटलं. "त्यांनी रागवू नको म्हणून सांगितलंय."

अजित खाटेच्या कडेला टेकला. तिशीचा बाप्या, पण बसला तो शाळेतून मार खाऊन आल्यागत. "त्यांनी न्हाई म्हटलं असतं आई. मला ठावं हाय. लिहून ठेवलं असतं तर मग मी काय करू? त्यांचं लिहिलेलं मोडून नेऊ? का न नेता रोज सकाळी उठून श्वास चाललाय का बघू? एकदा मिरजेला पोचलो असतो, नळी घातली असती, मग दिलं असतं की लावून. मग काय शिव्या द्यायच्या त्या देऊ देत."



"लावतो आता," तो उठत म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "लावून ओळी फिरेपर्यंत मी म्हणते. तू हितं बस. त्यांच्यासमोर."

तो बसला. मालक त्याच्याकडे बघत होते. मी सुरू केलं.

प ची ओळ. ब. काना. य ची ओळ, पार ळ पर्यंत. बाळ.

मग, कधी.

"वैजूचं?" मी म्हटलं. "मार्गशीर्षात म्हणालेत."

डोळे मिटले, कळलं म्हणून. मग बराच वेळ मिटलेलेच राहिले. अजित पुढं वाकला. श्वासाची शिट्टी चालू होती. डोळे उघडले तसं मी ओळी म्हणू लागले. आता माझाही आवाज बसत चालला होता. अक्का पाणी घेऊन आल्या, मी एक घोट घेतला, परत म्हटलं. त ला काना आणि मात्रा. व. र.

तोवर.

न. ळ ला दुसरी वेलांटी.

"तोवर नळी," अजित म्हणाला. एकदम त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे जायाचं! आबा, जायाचं न्हवं?"

डोळे मिटले. हो.

अजितनं त्यांचे पाय धरले. पण बुबुळं माझ्याकडे वळली आणि हलली. मी अजितच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. झालं न्हाई."

प ची ओळ. प ला उकार. ढ वर अनुस्वार.

पुढं.

शेवटच्या दोन अक्षरांसाठी मला ओळी म्हणाव्या लागल्या नसत्या. तरी मी सगळ्या म्हटल्या. त्यांचं बोलणं मी पुरं करणार नव्हते.

पुढं नको.

"पुढं म्हंजे?" अजित म्हणाला. त्याला कळलं होतं.

"बाळ बघितल्यावर. नंतर काय झालं तर परत मिरज न्हाई. परत नळ्या न्हाईत."

"ते तवाचं तवा बघू की."

बुबुळं हलू लागली. जोरानं, दुपारसारखी.

"आता बघायचं," मी म्हटलं. "तू हो म्हण. त्यांना ऐकू येऊ दे."

"आई, असं कसं म्हणू?"

"त्यांनी तुझ्यासाठी डोळं मिटलं. तू तोंडानं म्हण."

अजित उठला आणि दारापर्यंत गेला. बाहेरच्या पोरांनी त्याला हाक मारली, 'अज्या, सोनं घे रे', आणि तो तसाच उभा राहिला, पाठ आमच्याकडे. मला वाटलं जाईल.  मालकांचे डोळे त्याच्या पाठीवर. त्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि कुणालाच कुठं जाता येत नव्हतं.

मग तो परत आला, वाकला आणि त्यांच्या कानाशी म्हणाला, "हो आबा. पुढं न्हाई. शबूद."

मालकांनी डोळे मिटले आणि तसेच झोपी गेले. अजितनं पट्ट्या बसवल्या. दोनदा कट्ट वाजलं. मी म्हटलं, आज नको लावू, झोपू दे त्यांना.

सकाळी आम्ही मिरजेला गेलो. नळी घातली. मार्गशीर्षात वैजूला मुलगी झाली. बारशाच्या आधीच जावयांनी गाडी करून तिला आणली. मालकांच्या छातीवर तिला पालथी निजवली. नळीला धक्का लागेल म्हणून मी तिचं डोकं धरून ठेवलं होतं.

संक्रांतीनंतर त्यांच्या छातीत कफ साठला आणि ताप चढला. अजितनं मिरजेला लावायला फोन हातात घेतला. बराच वेळ घेऊन बसला. मग त्यानं तो भावासाठी येऊन राहिलेल्या अक्कांच्या ओटीत टाकला आणि आबांचे पाय चेपत बसला.

माझे मालक, ईश्वरा रामू मगदूम, त्याच साली पौष वद्य अष्टमीला दुपारी घरीच वारले.